लाझारोच्या घरचे दूध

"हात उजेडात धर," डॉक्टर तेल्मो म्हणाले, आणि ओलायाने दोन्ही हात शालीखाली लपवले.

"उन्हात नको, साहेब. गेल्या वर्षी उन्हानंच घात केला."

"या वर्षी नाही करणार. धर."

तिने नाइलाजाने हात पुढे केले. तेल्मोंनी तिची मनगटे धरली, तसा दारात उभा असलेला सिस्तो मागे सरकला. सिस्तो या लाझारोच्या घराचा, म्हणजे गावाबाहेरच्या महारोग्यांच्या आश्रमाचा, राखणदार. महारोग्यांची भांडी काठीने पुढे ढकलण्यात त्याची हयात गेली होती. अंगाने धड असलेला माणूस त्यांना हात लावतो हे तो पहिल्यांदाच बघत होता, आणि डॉक्टरला वेड लागले असावे असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

वर्षापूर्वी ओलायाला इथे आणले तेव्हा तिच्या हातांच्या पाठी सोललेल्या बिटासारख्या लाल होत्या. गळ्याभोवती, जिथे बायका हार घालतात नेमका तिथे, तसाच लाल पट्टा उठला होता. अस्तुरियासच्या या डोंगरांत त्या दुखण्याला 'गुलाब' म्हणत. नाव गोड, पण ते घेताना लोक छातीवर क्रूस करत. बर्फ वितळून माणसे शेतात वाकली की गुलाब उमले. मग तोंड येई, जुलाब लागत, आणि असे काही वसंत गेले की माणूस स्वतःशी बोलत नदीच्या काठाने फिरू लागे. फिरायला गेलेले सगळेच परत येत नसत.

गावांनी हे दुखणे महारोगात जमा केले होते, आणि महारोग्याचे काय करायचे ते बापजाद्यांपासून ठरलेले होते. तिच्या गावाच्या, बाल्मोरीच्या, चर्चच्या पडवीत ओलायाला काळ्या कापडाखाली उभे केले. ती ऐकत असताना तिच्यासाठी मृताची प्रार्थना म्हटली, पायांवर फावड्याने माती टाकली, आणि गावाच्या लेखी ती मेली. तिची मुलगी मेन्सिया तेव्हा पडवीच्या खांबाला मिठी मारून उभी होती. तिला तिथून सोडवायला दोन बाप्यांची ताकद लागली म्हणतात.

तेल्मोंनी कोटाच्या घडीतून सुई काढली आणि बोटाच्या पेरावर टोचली.

"आई गं."

"लागलं?"

"सुई टोचल्यावर लागणार नाही तर काय गुदगुल्या होणार?"

तेल्मो हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. महारोग्याला टोचलेले कळत नाही, आणि महारोग कधी बराही होत नाही. इथे तर कातडी नव्या बाळासारखी स्वच्छ झाली होती. त्यांनी आवारातल्या आणखी काही जणांचे हात पाहिले. गुलाब म्हणून आणलेले सगळे बरे झाले होते, आणि ज्यांची बोटे झडली होती ते खरे महारोगी तसेच होते.

"सिस्तो, ही बाई महारोगी नाही. कधीच नव्हती."

"मग वर्षभर जेवली ती कुणाच्या वाटणीचं?" सिस्तो म्हणाला. "सरदारणीनं दूध ठेवलंय ते महारोग्यांसाठी. धडधाकटांसाठी नाही. मी वर गेलो की म्हातारी मलाच धरेल."

ही सरदारण मरून कितीतरी पिढ्या झाल्या होत्या. मरताना तिला आपली पापे आठवली असावीत. तिने एक अख्खा चराऊ डोंगर लाझारोच्या नावे केला आणि लिहून ठेवले की इथल्या दुखणाइतांना रोज दूध, गव्हाचा पाव आणि चीज, आणि रविवारी मेंढीचे मटण मिळावे. पापे बरीच मोठी असणार, कारण डोंगर मोठा होता.

बाल्मोरीचे पाद्री फादर बेर्नाबे यांना बोलावले तेव्हा ते कपाळाला हात लावून बसले.

"पुरायचा विधी आहे माझ्याकडे, डॉक्टर. उकरायचा नाही. हिला गावात घेऊ कसं?"

"पायी," तेल्मो म्हणाले. "ती चालू शकते."

ओलाया चालली नाही, धावली. वर्षभर दर रविवारी तिची मेन्सिया समोरच्या टेकडीवर येऊन शाल हलवायची आणि ही कुंपणाशी उभी राहून हलवायची. याच्याहून जवळ यायची परवानगी नव्हती. आता ती उतारावरून लाकडी बूट हातात घेऊन अनवाणी पळत सुटली, तेव्हा तेल्मो ती दिसेनाशी होईपर्यंत फाटकाशी उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी माणसांचे रक्त काढले होते, जुलाब दिले होते, आणि त्यातली किती आपल्यामुळे जगली हे त्यांना खरेच ठाऊक नव्हते. ही एक मात्र त्यांनी मेलेल्यांतून परत आणली होती.

त्याच आठवड्यात त्यांनी गुलाबाचे सविस्तर वर्णन लिहायला घेतले. लाली कुठे उठते, खपली कशी धरते, गळ्याभोवतीचा पट्टा किती रुंद असतो, बुद्धी कशी फिरते, हे याआधी कुणी लिहिलेले नव्हते. शेवटी त्यांनी ठणकावून लिहिले की हा महारोग नव्हे, आणि या लोकांना महारोग्यांत डांबणे हा अन्याय आहे. खेचरवाल्याबरोबर ते कागद खिंडीपलीकडे, माद्रिदच्या विद्वानांकडे गेले. तेल्मोंना त्या रात्री छान झोप लागली.

माद्रिद सावकाश विचार करते. उत्तर यायला पुढचा वसंत उजाडला, पण आले ते मोठ्या मानाने. विद्वानांनी वर्णन वाखाणले होते, आणि ते दरबारापर्यंत गेले होते. हुकूम असा होता की प्रांतातली लाझारोची सगळी घरे दरवर्षी सुगीनंतर तपासावीत, ज्यांना सुई कळते त्यांना आपापल्या घरी पाठवावे, आणि ही तपासणी खुद्द डॉक्टर तेल्मो यांनीच करावी. तेल्मो तो कागद दुसऱ्यांदा वाचत होते, तेव्हा दारात टोपी हातात घेऊन ओलायाचा नवरा तोरिबियो येऊन उभा राहिला.

"गुलाब परत आलाय, साहेब."

"कुणाला?"

"तुम्ही जिवंत केलीत तिला."

तेल्मो खेचरावर बसले आणि बाल्मोरीला निघाले. रस्त्यालगतच्या शेतांत माणसे वाकलेली होती. ऊन लख्ख पडले होते आणि तेल्मोंना ते आवडेना.

ओलाया चुलीपाशी बसली होती. गळ्याभोवतीचा पट्टा या वेळी रुंद होता, काळपट पडू लागलेला. ती ओठ हलवत होती, पण आवाज येत नव्हता.

"काय म्हणतेस, ओलाया?"

"मी नाही. नदी म्हणतेय." तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, आणि मग ओळख पटल्यासारखी उठून उभी राहिली. "साहेब आलेत. पानं घ्या. मेन्सिया, अंडं उकड."

पाहुण्याला उपाशी पाठवणे या डोंगरात पाप. टेबलावर मक्याची भाकरी आली, मक्याची पेज आली, आणि तेल्मोंपुढे एकुलते एक अंडे. मेन्सिया भिंतीशी उभी राहून त्या अंड्याकडे बघत होती. तिचे हात बाह्यांच्या आत ओढून घेतलेले होते. तेल्मोंनी अंडे फोडले नाही.

"तिथं, लाझारोच्या घरी, काय खायचीस तू?"

ओलायाचा चेहरा क्षणभर उजळला. "दूध. सकाळ-संध्याकाळ. निरसं, फेसाळ. आणि चीज. गव्हाचा पाव, साहेब, पांढरा. रविवारी मटण असायचं. मी चोरून कुंपणाबाहेर टाकायला जायचे हिच्यासाठी, तर तो सिस्तो काठी घेऊन यायचा मेला."

"आणि इथं?"

उत्तर तोरिबियोने दिले. "इथं सकाळी मका, दुपारी मका, रात्री सकाळचा उरलेला मका."

"गहू पिकवता ना?"

"पिकवतो की. खंडाचा. जमीन मठाची, गहू मठात जातो."

"गोठ्यात गाय दिसली मला."

"अर्धलीची आहे, साहेब. लोणी मठाचं, वासरू मठाचं." तोरिबियोने मिशीवरून हात फिरवला. "शेण तेवढं आमचं."

तेल्मो त्या भाकरीकडे बघत बसले. पिवळी, जाड, गरम भाकरी होती. वर्षभर ते गुलाबाचे मूळ रक्तात, हवेत, डोंगरावरच्या धुक्यात शोधत होते, आणि ते इथे ताटात होते. जे ताटात होते त्यापेक्षा जे नव्हते त्यात, त्या दुधात आणि चीजमध्ये, होते. माद्रिदला त्यांनी अर्धेच सत्य पाठवले होते, आणि माद्रिदला तेवढेच पुरले होते.

ते तसेच उठून मठात गेले. मठाधिपतींनी त्यांना उंची वाइन पाजली, माद्रिदहून झालेल्या कौतुकाबद्दल अभिनंदन केले, आणि मग हळुवारपणे समजावले की मका देवाने गरिबांसाठीच धाडला आहे, एरवी तो इतका उदंड का पिकला असता. गाईंच्या अर्धलीबद्दल बोलायला हा ऋतू योग्य नव्हता. निरोप देताना ते फाटकापर्यंत आले. हात हलवत परतायची वेळ आली की वाट फार लांब वाटते, तशी तेल्मोंना वाटली.

ओलाया गावाच्या वेशीवर त्यांची वाट बघत होती. लेक तिच्या मागे होती.

"दिलं नाही ना काही?"

"नाही."

"मला ठाऊक होतं. तुम्हाला वाइन दिली असेल." ती आत्ता अगदी शुद्धीवर होती. "साहेब, एक काम करा. आम्हाला परत महारोगी करा."

"तुला?"

"मला कशाला? मी आता नदीची. हिला."

तिने मेन्सियाला पुढे ओढले आणि तिची बाही कोपरापर्यंत सारली. मुलीच्या हाताच्या पाठीवर गुलाब उमलत होता. अजून कोवळा, कडेने फिका. तेल्मोंना बघवेना.

"ओलाया, हा महारोग नाही. मीच तसं लिहून दिलंय. सगळ्या देशाला सांगितलंय."

"मग देशाला सांगितलंत. इथं पाद्रीबाबांना उलटं सांगा."

"महारोगी म्हणजे काय ते तुला माहीत आहे. ती गावाला मेली. लग्न नाही, चर्चची पायरी नाही, तू तिला शिवणार नाहीस. तुझ्यावर माती टाकली तेव्हा ती किती रडली होती."

"मेलेल्यांना दूध मिळतं, साहेब. मी प्यायलेय."

तेल्मोंनी वैद्याच्या तोंडी शोभेल असे काहीतरी शोधले. "सुई टोचावी लागते. सगळ्यांसमोर. ती ओरडेल."

"नाही ओरडणार," ओलाया म्हणाली. "ते आम्ही बघतो."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. हो किंवा नाही न म्हणता त्यांनी खेचराला टाच मारली.

रविवारी फादर बेर्नाबेंचा निरोप आला की तोरिबियोच्या मुलीच्या हातांवर खूण उठली आहे, आईचा वारसा म्हणतात तो असा, तरी डॉक्टरांनी येऊन काय ते सांगावे. तेल्मो घरून निघाले ते खरे बोलायचे ठरवूनच निघाले. एक वैद्य खोटे बोलला तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. शिवाय मुलीला दूध मिळवून द्यायचा दुसरा मार्ग ते काढणार होते. कोणता, ते अजून ठरले नव्हते. वाटेत नदी लागली तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

प्रार्थना संपली होती आणि अख्खे बाल्मोरी पडवीसमोर उभे होते. काळे कापड घडी घालून बाकावर ठेवलेले होते. मेन्सिया एकटी मधोमध उभी होती, केस घट्ट विंचरून बांधलेले. ओलाया आणि तोरिबियो रिवाजाप्रमाणे दूर, पायऱ्यांखाली.

तेल्मोंनी मुलीचा हात हातात घेतला आणि उजेडाकडे वळवला. तळहाताच्या कडेने, बोटांच्या पेरांवर, मनगटावर बारीक काळे ठिपके होते. काही सुकलेले, काही कालचे. कुणीतरी तिला शिवणाच्या सुईने पुन्हा पुन्हा टोचले होते, ओरडायची सवय मोडेपर्यंत. कुणी, ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी पायऱ्यांखाली पाहिले. ओलाया त्यांच्याकडे बघत नव्हती. ती लेकीकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

त्यांनी सुई टोचली. रक्ताचा थेंब वर आला.

"लागलं?"

"काय?" मुलगी म्हणाली.

त्यांनी पुन्हा टोचली, या वेळी लालीवर, जिथे नुसत्या उन्हानेही आग होते. मेन्सिया पडवीच्या आढ्याकडे बघत राहिली. फक्त तिच्या अनवाणी पायांची बोटे फरशीवर आखडून गेली, आणि ते तेल्मोंना दिसले, कारण त्यांनी मान खाली घातली होती.

"काय म्हणता, डॉक्टर?" फादर बेर्नाबेंनी विचारले.

"महारोग," तेल्मो म्हणाले.

जाणूनबुजून खोटे निदान त्यांनी जन्मात केले नव्हते. त्याची लाज वाटेल असे त्यांना वाटले होते, पण लाज वाटली नाही. भीती वाटली.

पुढचे सगळे रिवाजाने झाले. मुलीच्या हातांत महारोग्याचे हातमोजे चढले, डोक्यावर काळे कापड आले, प्रार्थना झाली, फावडे आले. पहिली माती रक्ताच्या माणसाने टाकायची. तोरिबियोने फावडे हातात घेतले आणि तो नुसताच उभा राहिला, इतका वेळ की फादर खाकरले. मग ओलाया पायऱ्या चढून आली, नवऱ्याच्या हातातून फावडे घेतले आणि माती अगदी हलकेच मुलीच्या पायांवर सोडली, बी पेरताना सोडतात तशी. सिस्तोने फाटकाशी गाडी आणून लावली होती. मुलगी जवळून गेली तेव्हा ओलाया शिवली नाही, पण बोलली.

"हातमोजे काढायचे नाहीत. बरी झालीस तरी काढायचे नाहीत. बरी झालीस तर कुणाला सांगायचं नाही. आणि दूध सांडायचं नाही."

"हो, आई."

"मी रविवारी टेकडीवर येईन." ती थांबली. "नाही आले तर बाबा येतील."

गाडी वळणाआड गेली. ओलाया तेल्मोंजवळ आली, फावडे अजून तिच्या हातातच होते.

"साहेब, माणसं म्हणतात, सुगीनंतर तपासणी आहे. सुई कळते त्यांना घरी धाडणार. खरं आहे का?"

"खरं आहे."

"तिला काढतील?"

"तपासायला मीच येणार आहे," तेल्मो म्हणाले.

ओलायाने यावर विचार केला. दरवर्षी तपासणी, दरवर्षी सुई, दरवर्षी हाच माणूस, हे सगळे तिच्या डोळ्यांतून सरकताना दिसत होते.

"मग तुम्ही इतक्यात मरू नका," ती म्हणाली, आणि फावडे भिंतीला टेकवून नवऱ्याला घेऊन घराकडे चालू लागली. ती नदीच्या वाटेने न जाता वरच्या वाटेने गेली, एवढे त्यांनी पाहिले.

तेल्मोंनी सुई पुसली आणि खेचराकडे जायला वळले. महारोग हा शब्द उच्चारला गेला की बाल्मोरीतली माणसे पांगतात, लेकरांना कडेवर उचलून पळतात, दारे लावून घेतात. पडवी क्षणात ओस पडते. आज कुणीच हलले नव्हते. सगळे जागच्या जागी उभे होते आणि त्यांच्याकडे बघत होते, आणि पुढच्या रांगेतली एक बाई काही न बोलता आपल्या पोराच्या बाह्या वर सारत होती.